तारवाल्यांची हार

अण्णा कांबळे पासवर्ड टाकायचे, तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाला भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागे. प्रत्येकाला म्हणजे मला, वहिनींना, गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला, आणि एकदा तर त्यांच्या सख्ख्या साडूंना. "लाइन क्लियर?" असं अण्णा विचारत. आपण भिंतीकडे बघत "क्लियर" म्हणायचं. मग मागून टकटक ऐकू येई. ती मोजायची नाही. मी एकदा सहज मोजली आणि वळून म्हणालो, "अण्णा, चौदा अक्षरी हाय की." त्यांनी तिथल्या तिथे पासवर्ड बदलला, आणि त्यासाठी मला पुन्हा भिंतीकडे वळवलं. त्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्या साली वहिनींच्या घरी दुधाचे खाडे कुठल्या तारखांना पडले, ते मला आजही पाठ आहे.

अण्णा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. पंचवीस वर्षं खांबावर चढून त्यांनी जिल्ह्यातल्या माणसांची बोलणी जोडून दिली, आणि खांबावर बसल्या बसल्या ती थोडीफार ऐकलीही. माणसांवरचा त्यांचा विश्वास तिथेच कुठेतरी उडाला असावा. "सुभाषराव, वायरीत काय बी लपत न्हाय," ते मला सांगत. "मी सोता कान लावून बसलेला माणूस हाय." पुढे गुडघा कामातून गेला. त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि कॉम्प्युटर आणला. आमच्या मंगळवार पेठेत अशा वेळी लोक गच्चीवर खोली चढवतात. त्यामुळे गल्लीनं वर्षभर त्यांच्याकडे जरा काळजीनंच पाहिलं.

माझं पत्रिका, पावती पुस्तकं छापायचं डीटीपीचं दुकान त्यांच्या बोळाच्या तोंडाशी. कॉम्प्युटरच्या बाबतीत मी त्यांचा कायमचा रुग्ण. एकदा माझ्या कागदाच्या व्यापाऱ्याची ईमेल आली. वर इंग्रजीत लिहिलेलं, माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि खाली एक पत्र जोडलेलं. हा गृहस्थ फोनवरही माझ्याशी कधी धड बोललेला नाही. पण मी म्हटलं, माणूस बदलू शकतो. मी पत्र उघडलं. संध्याकाळपर्यंत तेच प्रेम माझ्या नावानं माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना जाऊन पोचलं. त्यात एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई होत्या. त्यांनी प्रगतिपुस्तकांचं काम काढून घेतलं. अण्णांनी दोन दिवस खपून मशीन साफ केलं आणि एवढंच विचारलं, "ह्या व्यापाऱ्यानं आजवर कधी तुमच्यावर प्रेम केलंय?"

"न्हाय."

"मग तितंच थांबाय पायजे हुतं की."

माझ्या दुकानातली यच्चयावत सॉफ्टवेअरं एका मित्राकडून सीडीवर उतरवून आणलेली होती, हेही त्यांना सलायचं. "चोरीच्या घोड्यावर बसून लोकांच्या लग्नपत्रिका छापताय," असं म्हणून त्यांनी माझ्या एका मशीनवर स्वखुशीनं लिनक्स घातलं. ते फुकट असतं, खुलं असतं, आतली सगळी रचना कुणीही बघावी, दुरुस्त करावी, दुसऱ्याला द्यावी. अण्णा त्याबद्दल असे बोलत, जसं काही पंचगंगेचं पाणीच.

याचा अर्थ मी असा काढला की अण्णांना सगळंच फुकट चालतं. म्हणून त्यांना खूश करायला दीडशे गाण्यांची एक एमपीथ्री सीडी घेऊन गेलो. रस्त्यावर मिळते तसली. त्यांनी ती स्वयंपाकघरातल्या सांडशीनं उचलून माझ्या हातात परत दिली.

"अण्णा, सॉफ्टवेअर वाटलं तर पुण्य, आणि गाणी वाटली तर पाप?"

"मुद्द्याचं बोललासा," अण्णा म्हणाले. "सॉफ्टवेअर धा जणांच्या डोक्यातनं येतंय. गाणं एकाच्या नरड्यातनं येतंय. डोकं वाटंल तेवढं वाटा. नरडं इचारल्याबिगर उचलायचं न्हाय."

यामागे त्यांचा चुलतभाऊ होता. तो गायनपार्टीत गायचा. नव्वदच्या सुमारास त्याची एक कॅसेट निघाली. पुढच्या जत्रेत तीच कॅसेट पाच टपऱ्यांवर वाजत होती आणि एकीवरही त्याचं नाव नव्हतं. भाऊ एका टपरीपुढे उभा राहून म्हणाला, "ह्यो आवाज माझा हाय की." टपरीवाला म्हणाला, "समदीच तसं म्हंत्यात, पावणं." अण्णा शेजारीच उभे होते. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली.

तर अशी ही मतं मांडायला त्यांना एक जागा सापडली होती. दोन हजार तीन-चारचा काळ. इंटरनेटवर मराठीतून वाद घालायची ठिकाणं नुकतीच निघाली होती. त्यातल्या एकावर अण्णा 'तारवाला' या नावानं लिहीत. तिथे स्वतःचं नाव-गाव सांगायचं नाही आणि दुसऱ्याला विचारायचं नाही, असा त्यांचा नियम. मला त्यात गंमत वाटायची.

"नाव सांगितलं की आडनाव इचारत्यात," अण्णा म्हणाले. "आडनाव कळलं की मुद्दा कोण ऐकत न्हाय. माणसाकडं बघत बसत्यात. हितं नुस्ता मुद्दा."

मी पुढे गंमत वाटून घेतली नाही.

तिथेच त्यांना 'घाटमाथा' भेटले. हे कोण, कुठले, बाई की बाप्या, काही माहीत नाही. मतं मात्र अण्णांच्या बरोबर उलटी. गाणं एकदा हवेत सुटलं की ते सगळ्यांचं. सॉफ्टवेअर मात्र कुणीतरी पोटासाठी बनवतो, त्याची किंमत मोजलीच पाहिजे. सुरुवातीला या वादात वीस-पंचवीस जण होते. हळूहळू सगळे दमून निघून गेले, उरले हे दोघंच. अडीच वर्षं. बोलताना हाय-न्हाय करणारे अण्णा तिथे आकडे घालून लिहीत, "मुद्दा सातवा. आपल्या प्रतिपादनातील विसंगती मी नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो." त्यावर घाटमाथा लिहीत, "सातवा मुद्दा वाचला. हसू आले. सविस्तर उद्या."

एकदा सुरक्षिततेवरून जुंपली. अण्णांचं म्हणणं, कुलूप आतून कसं आहे हे सगळ्यांना दाखवलं, तरच त्यातलं वैगुण्य कळतं आणि ते पक्कं होतं. घाटमाथ्यांनी उत्तर दिलं, मग घराच्या दारावर किल्लीचं चित्रही लावा. अण्णा ते सांगायला गुडघा ओढत माझ्या दुकानापर्यंत आले. "कुलपाची रचना येगळी आन किल्ली येगळी, हे ह्या माणसाला कळंना झालंय." चेहरा मात्र पोटभर मटण-भाकरी खाऊन उठलेल्या माणसाचा.

रोज दुपारी चारला ते इंटरनेट जोडत. वहिनी चहा ठेवताना स्क्रीनकडे न बघता विचारत, "आलं का पावणं?"

त्या जुलैत एका तालमीच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं, आणि ऐन वेळी मशीन बसलं. तालमीची माणसं तगादा लावताना आवाज चढवत नाहीत. दोघं येतात, दुकानातल्या बाकावर बसतात, बाक वाकतं. मग "काय घाई न्हाय, सावकाश हुंद्या," म्हणत दोन तास बसून राहतात. तिसऱ्या दिवशी मी अण्णांच्याकडे पळालो. ते लिहीत होते.

"एवढा वाद मिटू द्या, मग येतो," अण्णा म्हणाले.

"कधी मिटंल?"

"दोघातल्या एकानं मान्य केलं की."

इतक्यात शेजारच्या काकू दारात आल्या. त्यांचा फोन मुका झाला होता. फोन मुका म्हटल्यावर अण्णा बसून राहूच शकत नाहीत. ते उठले, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बंद केलं तर परत जोडाय धा मिंटं जात्यात. तुमी बसा. राखण करा. कोण हात लावाय आलं तर हाक मारा."

साऱ्या जगाचा बंदोबस्त केलेल्या या माणसानं राखणदाराचा विचारच केला नव्हता. आणि राखणदाराच्या डोळ्यांपुढे ते वाकलेलं बाक होतं. मी खुर्चीत बसलो आणि तारवाल्यांच्या नावानं लिहिलं, "आपले म्हणणे पटले... मी हार मानतो... चर्चा इथेच थांबवू या..." आणि पाठवून दिलं. माझा हिशोब सरळ होता. वाद मिटेल, अण्णा मोकळे होतील, कळल्यावर एक दिवस शिव्या देतील आणि मग हसतील.

अण्णा परत आले. स्क्रीनकडे थोडा वेळ बघत राहिले. मग सगळं बंद करून म्हणाले, "चला." संध्याकाळपर्यंत माझं मशीन सुरू झालं. स्मरणिका वेळेत छापली. अण्णा काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांच्या लक्षात आलं नाही, असं मी धरून चाललो. मी स्वतःला हुशार समजलो की पुढे काहीतरी बिघडतं, हा माझा जुना अनुभव आहे.

घाटमाथा गप्प झाले. एक दिवस गेला, तीन गेले, आठवडा गेला. अण्णा चारला बसत, जोडत, बघत, बंद करत. वहिनी मला बोळात गाठून म्हणाल्या, "भावजी, पावणं येईनात झाल्यात. ह्यांचं जेवाण निम्म्यावर आलंय. भांडान झालं काय?"

"भांडण तर रोजच हुतं, वहिनी."

"ते न्हवं. खरं भांडान."

दहाव्या दिवशी मी जाऊन उभा राहिलो. अण्णा ब्रशनं कीबोर्डातली धूळ काढत होते. म्हणालो, "अण्णा, ते मी लिवलं हुतं."

"म्हाईत हाय."

"कवापास्नं?"

"काकूंच्यातनं परत आलो तवापास्नं. पूर्णविरामाच्या जागंला तीन-तीन टिंबं तुमच्याशिवाय कोण देतंय? स्मरणिकेत पैलवानांच्या नावापुढं सुदिक दिल्यासा."

मी खाली बसलो. "मग एक ओळ टाकायची की, हे मी लिवलेलं न्हाय म्हणून."

अण्णांनी ब्रश ठेवला. "टाकणार हुतो. बोटं बी ठेवलीती. मग म्हटलं, अडीच वर्सं हा माणूस मला वाचतोय. नाव म्हाईत न्हाय, गाव म्हाईत न्हाय. नुस्तं माझं वाक्य म्हाईत. त्याला वळखाय येतंय का बघू. मी सांगून कळलं तर त्यात काय हाय?"

"आन न्हाय वळखलं तर?"

"तर मग अडीच वर्सं मी भिताडाशी बोलत हुतो म्हणायचं."

माझ्या डोक्यात त्याच क्षणी एक युक्ती आली. दुसरं नाव घ्यायचं आणि घाटमाथ्यांना हळूच कळवायचं. अण्णांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "आन सुभाषराव, तुमी काय बी करू नका. तेवढीच मदत करा."

मी खरंच काही केलं नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे. आणखी बारा दिवस गेले. तिथल्या कुणीतरी नवख्यानं लिहिलं की तारवाले संपले. अण्णांनी ते वाचलं आणि तसंच राहू दिलं.

मग एका दुपारी वहिनी स्वतः दुकानात आल्या. "या जरा. च्या तसाच गार झालाय आन काय बोलंनात."

मी चपला न घालताच गेलो. अण्णा स्क्रीनपुढे नीट बसलेले होते. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

"तारवाले, इकडे तारा तुटून बावीस दिवस फोन बंद होता, आज आला. तुमच्या नावाने शरणागतीचा मजकूर वाचला. तो तुमचा नाही. हरू लागलात की तुमचे मुद्दे वाढतात, कमी होत नाहीत. तुमच्या खात्यात कुणीतरी शिरले आहे. पासवर्ड ताबडतोब बदला. ज्याने हे केले त्याला मराठी बरे येते, पण तो तुम्हाला ओळखत नाही. गाण्याचा मुद्दा बाकी आहे."

शेवटून दुसरं वाक्य माझ्याबद्दल होतं. अण्णांच्या बोळात माझी अठरा वर्षं गेली होती. त्या वाक्यात मला खोडण्यासारखं काही सापडलं नाही.

वहिनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्क्रीनजवळ आल्या. ओठ हलवत त्यांनी सगळं वाचलं. "घाटात म्हंजे गगनबावड्याकडलं असतील काय? इचारा की गाव."

"नगं," अण्णा म्हणाले.

"मग लिवा तरी काय तर. त्यांनी एवढं लिवलंय."

अण्णांनी चष्मा सदऱ्याला पुसला. "मुद्दा पहिला" असं लिहिलं आणि थांबले. बाहेर रिक्षा आली, गेली. त्यांनी ते खोडलं. मग आकडा न घालता, नम्रपणे वगैरे काही न म्हणता, आमच्याशी बोलतात तसंच एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, "पावसातनं तारा जोडाय जो माणूस आला हुता, त्याला घरात घेऊन च्या दिला न्हवं?"