मूर्तीगारूंचं यान

दत्तूकाकांकडून देशाचं लष्करी गुपित ऐकायचं असेल, तर नळाला पाणी येण्याच्या वेळी जावं लागे. भिंतींना कान असतात, म्हणून काका आधी मोरीतला नळ पूर्ण सोडत, खाली रिकामी बादली ठेवत आणि मगच तोंड उघडत. हैदराबादेतल्या आमच्या नारायणगुड्यात तेव्हा एक दिवसाआड तासभर पाणी यायचं. त्यामुळे देशाची गुपितंही एक दिवसाआडच फुटत. शिवाय बादलीच्या आवाजावर आवाज चढवायचा म्हणून काका ओरडत, आणि भिंतींपासून लपवलेलं तिसऱ्या मजल्यावर स्वच्छ ऐकू जाई.

गुपित असं होतं, की आपलं सैन्य एक यान बांधतंय. माणूस बसवून नेणारं, शत्रूच्या डोक्यावर जाऊन उभं राहणारं. आणि त्यात बसणारा माणूस आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहतो.

हा माणूस म्हणजे मूर्तीगारू, आपल्या भाषेत मूर्तीराव. संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत ड्रॉइंग करायचे. बोलणं कमी, नजर कायम स्वतःच्या चपलांवर. अवकाशात जाणारा माणूस निदान वर तरी बघेल, असं मी एकदा म्हटलं. काका म्हणाले, "खाली बघतोय म्हणूनच तर. वरची गोष्ट लपवणारा माणूस खालीच बघणार. समझ लेओ, बोलो नक्को."

'समझ लेओ, बोलो नक्को' हे काकांचं पालुपद. आमचं घराणं मूळ परभणीकडचं, पण निजामाच्या काळापासून हैदराबादेत. त्यामुळे काकांचा जीव मराठीत असला तरी ठसका दखनीत. नोकरी रेल्वेच्या टपाल डब्यात झाली, चालत्या गाडीत पत्रं लावायची. निवृत्त झाल्यावर लावायला पत्रं उरली नाहीत, म्हणून काका पुरावे लावू लागले, असा माझा तेव्हाचा सिद्धान्त होता.

पुरावे भरपूर होते. मूर्तीगारू वाळत चालले होते, कारण यानात वजनाची मर्यादा. दोन्ही वेळा दहीभात खात, कारण वर जड पचत नाही. लिफ्ट असून जिना चढत, तो सराव. ते दिवसही असे होते, की काहीही खरं वाटावं. बाजार नुकता खुला झाला होता, गच्च्यांवर केबलच्या छत्र्या उगवत होत्या, कोपऱ्यावरच्या इराण्याकडे परदेशी शीतपेय आलं होतं. "तेच तर," काका नळापेक्षा मोठ्यानं ओरडत. "सगळ्यांचं लक्ष, आत काय येतंय तिकडे. बाहेर काय जातंय, कोण बघतो?"

आणि सगळ्यात मोठा पुरावा खुद्द आरोपीच्या तोंडचा. महिन्यातून एकदा, शुक्रवारी संध्याकाळी, मूर्तीगारू पिशवी घेऊन निघत. कुणी विचारलं, की चपलांकडे बघत तेलुगूत सांगत, "यानाम वेळ्तुन्ना." यानामला चाललोय.

"ऐकलंस? यान म्हणाला," काका मला कोपरानं ढोसत. "आता काय लेखी देऊ?"

मी बी.एस्सी. झालेला माणूस. मी हसायचो. पण जिन्यात मूर्तीगारू भेटले, की का कोण जाणे, जरा ताठ उभा राहायचो.

शेवटी बायकोनं मला धारेवर धरलं. "तुमच्या काकांना सगळे यानकाका म्हणतात. ते दिसले की पोरं उलटे आकडे मोजतात. उतारवयात माणसाची अशी शोभा बघवत नाही मला. तुम्ही पुतणे ना?"

मग मी मुलाचा नकाशासंग्रह उघडला, आणि अर्ध्या तासात देशाचं संरक्षणधोरण उद्ध्वस्त करणारा ठिपका सापडला. गोदावरीच्या मुखाजवळ. तो घेऊन मी विजयी वीरासारखा काकांच्या पुढ्यात बसलो.

"काका, यानाम हे गाव आहे. काकीनाड्याजवळ."

काकांनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. "कारभार पाँडिचेरीचा, म्हणून पत्त्यात पाँडिचेरी लिहितात," ते शांतपणे म्हणाले, "पण पत्र काकीनाड्याच्या थैलीत टाकायचं असतं. नवी पोरं हमखास चुकतात. सगळी नोकरी ती थैली बांधण्यात गेली माझी, बाळू. तू मला यानाम शिकवतोस?"

माझा नकाशा मांडीवर तसाच राहिला.

"त्याची बायको तिथली," काका म्हणाले. "पोरीला घेऊन माहेरी गेली ती आलीच नाही. हा महिन्याला जातो, सासऱ्याच्या ओसरीवर बसून पोरीला तासभर बघतो, एकटा परत येतो. नामपल्ली स्टेशनात भेटला एकदा, तेव्हा बोलला. इथे जो तो विचारायचा, भाभी कब आते? घर सोडून चालला होता बिचारा. कुकटपल्लीला खोली बघून आला होता. म्हटलं, थांब जरा. लोकांना चघळायला काहीतरी लागतंच. बायकोपेक्षा यान बरं."

"पण लोक तुम्हाला हसतात."

"हौ, हसू दे. मला काय आता बोहल्यावर चढायचंय?"

"मूर्तीगारूंना माहीत आहे?"

"त्याला विचारूनच केलं. दहीभात त्यानंच सुचवला."

त्यानंतरच्या एका सोमवारी सकाळी काका फाटकाजवळच्या बाकावर पेपर वाचत होते, मी ऑफिसला निघालो होतो, आणि मूर्तीगारू पिशवी घेऊन रिक्षातून उतरले. तिसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाई भाजी घेत होत्या. त्यांनी सहज विचारलं, "अकेलेच आये? भाभी कू नै लाये?"

भाजीवाल्याभोवतीचे चार चेहरे वळले. मूर्तीगारूंची नजर चपलांवर गेली.

"कैसा लाते, अम्मा," मी म्हणालो. "ऊपर एकीच सीट रहती ना."

सगळे हसले, आणि या खेपेला मला हसले. भाजीवाला काकांकडे बघून म्हणाला, "भतीजा बी गया." मूर्तीगारूसुद्धा हसले थोडेसे, आणि त्या हशातून वाट काढत वर गेले.

काकांनी पेपरातून डोकं काढलं नाही. फक्त जरासे सरकले, आणि बाकावर मला जागा करून दिली.