तप्त ग्रहावरचा ‘कदाचित’

जिथे कोणी जाऊन येण्याची शक्यता नसते, तिथली माहिती नेहमीच अधिक खात्रीशीर असते. याच भक्कम पायावर एका संस्थेचा ग्रहवातावरण विभाग उभा होता. (इमारत भाड्याची होती.)

विभागातल्या एका संशोधक बाईंच्या वाट्याला आपल्या ताऱ्याला जवळजवळ चिकटून फिरणारा एक अवाढव्य, तापलेला वायूचा गोळा आला होता. हा ग्रह ताऱ्यासमोरून सरकला की त्याच्या हवेतून थोडा प्रकाश गाळला जाऊन येई. त्यावरून तिथे कोणते वायू असावेत, याचं प्रारूप बाई संगणकावर मांडत. प्रारूप म्हणे, पाण्याची वाफ आहे. प्रकाशात ती काही दिसेना.

“मग ढग घाला,” विभागप्रमुख म्हणाले.

ढग ही या शास्त्रातली फार गुणी वस्तू. जे सापडत नाही ते ढगांमागे असतं, आणि ढगांमागे डोकावायला कोणी जात नाही. बाईंनी ढग घातले. आकडे जुळले, पण बाईंच्या मनाला पटेना. त्यांनी निष्कर्षात ‘कदाचित’ घातलं.

“हा शब्द राहिला नाही, तर निबंधावरून माझं नाव काढा,” बाई म्हणाल्या.

“राहील हो! विज्ञान म्हणजे नम्रता.”

शब्द राहिला. निबंधात तो मजकुरात होता, सारांशात तळटीपेत गेला आणि प्रसिद्धिपत्रकातून जागेअभावी रजेवर. सकाळी बातमी झळकली: ‘दूरच्या ग्रहावर मुबलक पाणी!’ सोबत निळ्याशार समुद्राचं चित्र. (तिथे लोखंडाचीसुद्धा वाफ होते, हे चित्रकाराला कळवायचं राहून गेलं.)

प्रमुखांचा सत्कार झाला. बाईंच्या मावशीचा फोन आला.

“अगं, पाणी शोधलंस म्हणे! मान ताठ केलीस बघ आमची.”

“मावशी, तिथे पाणी आहे की नाही, मला खरंच माहीत नाही गं.”

“असं कसं? तूच शोधलंस ना?”

बाईंना हसावं की रडावं कळेना. शेवटी प्रमुखांचे डोळे वटारलेले असताना त्यांनी ‘आम्हाला माहीत नाही’ असा खुलासा छापून आणला. बढती हुकली, झोप मात्र छान लागली. खुलासा मावशीने वाचला, आणि मुद्रितशोधकाने. (त्याचा नाइलाज होता.)

समुद्राचं चित्र मात्र घरोघरी पोचलं. तुम्हालाही आलं होतं. खालची ‘काल्पनिक चित्र’ ही ओळ न वाचता, ‘अभिमानास्पद’ लिहून, तुम्ही ते पुढे पाठवलंत. विभागाच्या वार्षिक अहवालात त्याची नोंद ‘स्वतंत्र दुजोरा’ अशी झाली आहे.