मास्तरांनी बेतलेलं स्वयंपाकघर

स्वयंपाकघराला तिसऱ्यांदा कात्री लागली, तेव्हा मास्तरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मास्तर म्हणजे कपडे शिवणारे मास्तर. नव्या घराचा नकाशा इंजिनिअरनं करून दिला होता, पण तो पाहून घरात कुणालाच काही उमगलं नव्हतं. "गिऱ्हाईकालासुद्धा चित्र दाखवून कळत नाही, कापून दाखवावं लागतं," असं म्हणून मास्तरांनी सकाळीच कापडं बेतायच्या टेबलावर खाकी कागद पसरला. एक फूट म्हणजे एक इंच या हिशेबानं एकेक खोली कापली. इंजिनिअर पाच वाजता येणार होता. त्याच्यासमोर सही झाली की नकाशा पक्का.

आणि घर प्लॉटवर बसेना. हॉल, शिलाईचं दुकान आणि सासूबाईंची खोली रांगेत मांडली की शेवटचं स्वयंपाकघर सहा फूट शेजाऱ्याच्या अंगणात जाई.

"हॉल कमी नको हं बाबा, माझ्या मैत्रिणी येतात," मुलीनं आधीच सांगून ठेवलं.

"माझी खाट भिंतीला घासता कामा नये," सासूबाई म्हणाल्या.

दुकानाला हात लावायचा तर प्रश्नच नव्हता. मग दर वेळी मास्तर मान वाकडी करून टेबलाकडे बघत आणि कात्री स्वयंपाकघराकडे वळे. पहिल्यांदा कोपरा गेला, मग ओटा अर्धा झाला. तिसऱ्यांदा जी पट्टी खाली पडली तिच्यावर खिडकी होती.

"अहो, खिडकी गेली!"

"अगं, दिवा आहे ना. बावीस वर्षं चाललंच की."

बावीस वर्षं! बावीस वर्षं भाड्याच्या घरातल्या त्या कोंदट खोलीत बाई भरदिवसा दिवा लावून भाजी चिरत होत्या आणि भाजी झाली की त्याच दिव्याखाली दुकानाची काज-बटणं करत होत्या. बाहेर ऊन आहे की ढग, हे त्यांना नवऱ्याला विचारावं लागे. नव्या घरात त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, ओट्यासमोर खिडकी. तीही आता टेबलाखाली चिंध्यांत पडली होती. बाईंनी ती उचलली, आणि उचलताना हॉलचा कागद डोळ्यांसमोर आला. त्याच्या चारी कडांना इंचभर आत पेन्सिलीची रेघ होती. दुकानालाही तशीच, सासूबाईंच्या खोलीलाही तशीच.

"ही रेघ कसली?"

"शिलाई तिथं येणार. बाहेरचा इंच जास्तीचा, माया सोडलीय."

"भिंतींना माया?"

"सगळ्याच कापडांना सोडतो मी. उद्या सैल करायची वेळ आली तर?"

"घर सैल करणार तुम्ही? उसवून?"

"माणसं अंगानं भरतात," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "आईचंच बघ."

"माझं काय बघायचंय?" खाटेवरून आवाज आला.

"म्हणजे सगळ्यांना दोन-दोन फूट जास्तीचे, आणि ते माझ्या ओट्यातून! कापा ती माया आधी."

"छे! छाटलेलं परत जोडता येत नाही," मास्तर म्हणाले आणि बाईंनी पुढं काही बोलायच्या आत त्यांनी सगळ्या खोल्या खळीनं चिकटवून टाकल्या.

पाचच्या ठोक्याला इंजिनिअर आला. त्यानं चष्मा वर-खाली केला. "हॉल ऐसपैस आहे. दुकान तर फारच. हे चार बाय पाच काय? कोठीची खोली?"

"स्वयंपाकघर. चालतं तिला," मास्तर हसून म्हणाले. "सवय आहे."

बाईंनी कात्री हातात घेतली. तेवढ्यात मास्तरांनी कागदाच्या कोपऱ्यात झोकात सही ठोकली.

"तुमची नाही हो," इंजिनिअर म्हणाला. "बाईंची लागेल. नोंदणीत सवलत मिळते म्हणून प्लॉट तुम्हीच त्यांच्या नावावर घेतलाय. त्यांची सही नसेल तर हा नुसता खाकी कागद."

मास्तरांना कापलं तर रक्त निघालं नसतं. बाई स्वतःही हे विसरल्या होत्या. इंजिनिअरनं पुढं केलेलं पेन त्यांनी घेतलं आणि केसांत खोचलं. मग मास्तरांच्या गळ्यातली टेप ओढून काढली.

"उभे राहा."

"अगं, पण..."

"हात पसरा. ताठ!"

साऱ्या गावाची मापं घेणारे मास्तर भरल्या घरात दोन्ही हात पसरून उभे राहिले. मुलगी तोंडावर ओढणी धरून आत पळाली. बाईंनी एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत टेप नेली, नीट वाचली आणि इंजिनिअरकडे वळल्या.

"लिहून घ्या. पाच फूट सात इंच. ओट्यासमोरची खिडकी."

"आणि माझं दुकान?" मास्तरांनी हात तसेच ठेवून विचारलं.

"बघू," बाई म्हणाल्या, "उरलेल्यात बसतंय का."