साल फुटलेला दाणा

अभिमन आबांना स्वप्नं पडायला झोपेची गरज नसे. खाटेवर टेकले, डोळे अर्धे मिटले, की पारोळ्याच्या वाटेनं एक निळा लोखंडी नांगर आपणहून चालत येई. पुढं बैल नाहीत, मागं माणूस नाही, आणि काळी माती लोण्यासारखी दोन्ही अंगांना कलंडते आहे. दारात येऊन तो थांबे आणि म्हणे, "आबा, चला."

हे वेड धुळ्याहून आलेल्या शेतकी खात्याच्या लीलाधररावांनी लावलं होतं. त्या साली सरकारनं पिकांच्या फेरपालटीचं फारच मनावर घेतलं होतं. कपाशीवर कपाशी घेऊन जमीन दमली, तिला पालट द्या, असं साहेब गावोगाव सांगत फिरत होते. नुसत्या सांगण्यानं खानदेशात कोण कपाशी सोडतो? म्हणून त्यांनी दर गावात एकाला भुईमुगाच्या शेंगांचं पोतं फुकट दिलं आणि अट घातली, की त्या वावरात यंदा कपाशीचं बोंड दिसता कामा नये. दसऱ्यानंतर पाहणी होईल आणि जो अटीला उतरेल त्याला लोखंडी नांगर मिळेल.

जाता जाता साहेबांनी बजावलं, "शेंगा हातानं सोला. ज्या दाण्याची साल फुटली, तो उगवत नाही. तो पेरू नका."

इथंच सगळं बिनसलं. आबांचा अंगठा पडला जन्मभर नांगराची मूठ दाबलेला. शेंग दाबली, की एक दाणा धड निघे आणि दुसऱ्याची साल निघून येई. असा दाणा पेरायचा नाही, म्हणजे टाकायचा. आणि खायची वस्तू टाकणं आबांना कधी जमलं नव्हतं. ते तो तोंडात टाकत. चावता चावता डोळे मिटत, वाटेवर नांगर दिसू लागे, आणि मग टोपलीतला दाणा कुठला नि तोंडातला कुठला, याचं भान कुणाला राहणार?

त्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. ताईबाई आणि बेबाबाई, दोघी लेकी माहेरी आल्या. दारच्या निंबाला झोके बांधले. दुपारभर झोका करकरे, गाणी चालत, निंबाची सावली खाटेवर सरकत राही, आणि आबांना वाटे, जगात आता दुसरं काही करण्यासारखं उरलेलं नाही.

"आबा, हाऊ दाना फुटेल शे का?" ताईबाई झोका थांबवून विचारी.

आबा दाणा उन्हात धरून फुटलेली साल पाहत. "फुटेल शे. खाई टाक."

"आन हाऊ?"

"हाऊ आते फुटी," आबा अंगठा दाबत म्हणत.

लेकी सासरी गेल्या. पेरणीच्या आदल्या दिवशी आबांच्या घरधनीण वच्छलाबाई बी न्यायला आल्या. त्यांनी पोतं झटकलं, टोपली पाहिली, मग खाटेखाली वाकून पाहिलं. टरफलं खाटेच्या सुंभाला टेकली होती.

"बी कोठे गयं?"

"फुटनं," आबा म्हणाले.

"बठ्ठं?"

"नई, थोडं शे ना!"

टोपलीच्या तळाला जेमतेम बांधाकडच्या आठ ओळींपुरतं बी होतं. आबांना लगेच युक्ती सुचली, कडेला भुईमूग आणि आत कपाशी. "बांधले शेंगा पेरू, मझार कपाशी. साहेब काय मझार जाई?"

"कपाशी पेरशात ते नांगर गया तुमना," वच्छलाबाई म्हणाल्या. उतरंडीतून त्यांनी राखेत जपलेलं आपलं बियाणं काढलं: मूग, उडीद, चवळी, तीळ, अंबाडी. जे हाताला आलं ते पेरलं. पीक वर आलं तेव्हा वावर गोधडीसारखं दिसू लागलं. येणारे जाणारे थांबून हसत. आबांना शरमेनं बांधावर बसवेना, आणि नांगरही आताशा वाटेवर लांबच उभा राही.

दसरा झाला. लीलाधरराव आले. साहेबांनी इथूनच सगळं पाहावं, म्हणून आबांनी खाट थेट बांधावर नेऊन ठेवली होती.

"साहेब, आठे बसा. आठून बठ्ठं दिसस."

साहेबांनी गुळाचा चहा घेतला आणि ते उठले. "आत जाऊन पाहू."

"मझार साप शे, साहेब!"

"असू द्या. पायात बूट आहेत."

आठ ओळी संपल्या आणि भुईमूगही संपला. साहेब चवळीच्या वेलात उभे राहिले. एका अंगाला अंबाडी, दुसऱ्या अंगाला तिळाचे धांडे. आबांना स्पष्ट दिसलं, निळा नांगर वळला आणि पारोळ्याकडे चालू लागला.

"साहेब, बी मी खादं. साल फुटेल व्हती. काहीनी मीच फोडी."

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "सकाळपासून तीन गावं पाहिली. तिन्हीकडे बांधाला भुईमूग, आत कपाशी. एकानं तर बोंडांवर वेल पांघरले होते. तुमच्यात कपाशी कुठाय?"

"नई शे."

"एकही झाड नाही?"

"घरवालीनी पेरू दिधी नई," आबा पडेल आवाजात म्हणाले.

साहेब वावरभर फिरले. खरंच एकही बोंड सापडलं नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि कित्येक दिवसांनी हसल्यासारखे हसले.

महिन्यानं बैलगाडीतून नांगर आला. तो निळा नव्हता, लाल होता. पण आबांनी स्वप्नच दुरुस्त करून घेतलं. सोबत पुढल्या सालाचं शेंगांचं पोतंही आलं. ते वच्छलाबाईंनी खोलीत ठेवून कुलूप घातलं. "आते शेंगा मी सोलसू. तुम्ही नांगर धरा."

पुन्हा आखाजी आली. आबा दारासमोरच्या वावरात नवा नांगर धरून होते. वळवाच्या पावसानं भिजलेली माती खरोखरच लोण्यासारखी कलंडत होती. फेरा पुरा करून ते बांधाशी आले आणि डोळ्यांवर हात धरून घराकडे पाहू लागले. निंबाखाली लेकींचे झोके चालले होते. खाटेवर वच्छलाबाई टोपली घेऊन बसल्या होत्या. डोळे अर्धे मिटलेले, आणि तोंड संथपणे हलत होतं.

"काय खाई ऱ्हायनी वं?" आबा ओरडले.

वच्छलाबाईंनी डोळे न उघडताच उत्तर दिलं.

"साल फुटेल शे."