नुसती वाफ

गेल्या नोव्हेंबरात मी एक छोटासा निर्णय घेतला. भाच्याने दिलेली वस्तू परत करायची नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

भाचा म्हणजे देवव्रत. तो वाशीला कुठल्याशा कंपनीत असतो आणि दिवाळीत दोन दिवस रेवदंड्याला येऊन आम्हाला सुधारून जातो. मागच्या दिवाळीत त्याने आमचा मिक्सर सुधारला, तो अजून बंद आहे. या वेळी माझी पाळी होती. मी विहिरीमागे सिगरेट ओढत होतो (घरात मनाई आहे). त्याने खिशातून हायलायटरसारखी एक जाड नळी काढली.

"मामा, सिगरेट आउटडेटेड झाली. ये लो, व्हेप. धूर नाही, राख नाही, नुसती वाफ. ॲडिक्शनचा सीनच नाही."

"मग तू सकाळपासून सोडत का नाहीस?"

"मला आवडते म्हणून."

इतकं शास्त्रीय उत्तर मिळाल्यावर विचारण्यासारखं काही उरलं नाही. ही वस्तू विकायला देशात बंदी आहे, हेही त्यानेच सांगितलं. "विकायला आहे, मामा. मी तर गिफ्ट देतोय." मी हायस्कुलात हेडक्लार्क आहे. नियम वाचला की तो पाळावा लागतो, हे मला अनुभवाने माहीत असल्याने मी तो वाचला नाही.

तसं सिगरेटचं माझं बरं चाललं होतं. दिवसाला सहा. वीस वर्षांत सातवी कधी नाही, कारण सहाव्या खेपेपर्यंत पाय दुखायचे. घरी विहिरीमागे जायचं, शाळेत फाटकापासून शंभर पावलं लांब. शिवाय सिगरेट संपते. संपली की माणूस पुन्हा कामाला लागतो. ही नळी संपेचना. पहिल्या दिवशी मी अकरा झुरके मोजले आणि 'व्यसन लागत नाही' अशी नोंद केली. चौथ्या दिवशी एकसष्ट झाले. मग मी न्हाणीघरात ओढू लागलो, दाखल्यांच्या कपाटाआड ओढू लागलो, आणि एकदा चालू आरतीत ओढली (दोन टाळ्यांच्या मध्ये पुष्कळ वेळ असतो). तिला वास होता आंब्याचा. शाळेच्या दाखल्यांना हापूसचा वास येतो, असं पालक कौतुकाने सांगू लागले. घरी आमची सुचिता ऐन थंडीत माळ्यावर चढून आंब्याची अढी शोधत होती.

आता सुचिताचं सांगायला हवं. ती तळा गावची. माहेरी दिवसाला आठ कप चहा पिणारी. अकरा वर्षांपूर्वी माझा खोकला थांबेना, तेव्हा तिने देवीला नवस बोलला, की यांची सिगरेट सुटेपर्यंत मी चहाला शिवणार नाही. ते ऐकून मी रडलो होतो, आणि रडून झाल्यावर विहिरीमागे गेलो होतो. तेव्हापासून ती माझ्यासाठी चहा करते आणि गाळताना तोंड फिरवते.

पाचव्या दिवशी मी तिला सांगितलं, "सिगरेट सोडली. आता नुसती वाफ घेतो."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण आमच्याकडे वाफ घेणे म्हणजे पातेल्यात उकळतं पाणी, त्यात ओवा, आणि डोक्यावरून टॉवेल. सुचिता माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने देवीला नारळ वाढवला, वाडीतून गवती चहाची पात आणली, आलं ठेचलं आणि अकरा वर्षांनी पहिला घोट डोळे मिटून घेतला. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. अशा वेळी 'पातेलं नाही, नळी आहे' असं सांगणारा नवरा मी नाही. (तसा कुठल्याच वेळी नाही.)

तिने ही बातमी गावभर केली. मासळीवाली बायजा मला पापलेटाबरोबर ओव्याची पुडी फुकट देऊ लागली. एवढ्यावर न थांबता, खुद्द डॉक्टरांकडूनही कौतुक व्हावं म्हणून सुचिता मला महिन्याभराने डॉक्टर आश्लेषांकडे घेऊन गेली.

"सिगरेट?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोडली," सुचिताच म्हणाली. "आता वाफ घेतात."

"छान. दिवसातून किती वेळा?"

आकडा विचारला की खरा सांगायचा, ही माझी जुनी खोड. "काल एकशे त्र्याऐंशी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मला खिसा रिकामा करायला सांगितला. नळी टेबलावर आली, पाठोपाठ आंब्याचा वास. सुचिताने तो ओळखला. माळा तिने तीनदा झाडला होता.

निकोटिन दोन्हीत तेच, असं डॉक्टरांनी समजावलं. सिगरेटला निदान शेवट असतो, हिला तोही नाही.

"म्हणजे जास्त व्यसन कशाचं?" मी विचारलं.

"त्यावर अजून अभ्यास चालू आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्यापुरता निकाल लागलाय."

नळी त्यांनी ठेवून घेतली. घरी आल्यावर सुचिताने चहाचा डबा समोर घेतला आणि तो न उघडता त्याच्याकडे बघत बसली. मला पहिल्यांदा खरोखर लाज वाटली. माझ्यापायी तिचा चहा दुसऱ्यांदा जाणार होता.

दुसऱ्या दिवशी मी काहीच न ओढता शाळेत गेलो. दहा वाजून चाळीस मिनिटांनी मुख्याध्यापकांनी विचारलं, की तुमचे ओठ हिरवे का? मी तासभर हायलायटर ओढत होतो. यापेक्षा सहा सिगरेटी बऱ्या, त्यात मी निदान माणसासारखा दिसायचो. वाफ सोडण्यासाठी काही दिवस पुन्हा सिगरेट ओढायची, असं मी ठरवलं. या वेळी मात्र चोरून नाही, सुचिताला सांगून. ती रडेल, तिचा चहा कायमचा बंद होईल, याची तयारी ठेवून मी घरी आलो.

ती पडवीत बसली होती. हातात वाफाळता चहा.

मी सगळं सांगितलं.

"सिगरेटला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"अगं, पण ही वाफ जास्त चिकटलीय."

"असेल. मी देवीला सिगरेट म्हटलं होतं. वाफेचं आमचं काही बोलणं झालेलं नाही."

"मग वाफ चालू ठेवू?"

"तीपण सोडा. पण तो तुमचा प्रश्न. त्यात आता माझा चहा येत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे तुला माझ्यापेक्षा चहा जास्त झाला?"

तिने एक सावकाश घोट घेतला.

"अकरा वर्षं तुमच्यासाठी चहा सोडून बघितला," ती म्हणाली. "आता उलटं करून बघायची वेळ माझ्यावर आणू नका."

मग ती आत गेली आणि आणखी चहा घेऊन आली. कप एकच होता.