शशीताई डोळे काढून ठेवतात

"मी जरा डोळे काढून ठेवते हं," असं शशीताई आमच्याकडे जेवण झाल्यावर म्हणाल्या, तेव्हा माझी छोटी भाची किंचाळत बाल्कनीत पळालेली. डोळे म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स. पाच मिनिटांची डुलकी असली तरी लेन्स घालून झोपायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे साबण, डबी आणि सोल्युशनची बाटली पर्समध्ये असल्याशिवाय त्या आमच्या डोंबिवलीत खाली कोथिंबीर आणायलाही उतरत नाहीत.

शशीताई वाघमारे आमच्या शेजारी एकट्याच राहतात. अख्खी नोकरी ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत गाड्यांच्या घोषणा करण्यात गेली. रिटायर झाल्या, पण आवाज अजून माईकवरच आहे. माझं लग्न ठरलं, जाड चष्म्याला कंटाळून मी लेन्स घेतल्या आणि रोज सकाळी भिंतीपलीकडून घोषणा सुरू झाली.

"लेन्स घालणाऱ्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! हात साबणाने धुवावेत!"

"धुतले, ताई!"

"पुसले का?"

ओले हात घेऊन मी टॉवेल शोधायला धावायचे.

नवरात्रात ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीच्या दर्शनाला त्या माझ्यासोबत आलेल्या. रांगेत पुढच्या बाईंची लेन्स निघून तळहातावर आली. बाई ती पिण्याच्या बाटलीतल्या पाण्याने धुणार, इतक्यात शशीताई गरजल्या, "थांबा! पाणी पिण्यासाठी असतं!" मागची रांग जागच्या जागी थांबली. बहुतेकांना वाटलं, तीर्थाच्या पाण्यात काहीतरी झालंय. ताईंनी शांतपणे स्वतःची जादा डबी काढली, सोल्युशन ओतलं, लेन्स त्यात ठेवली. "आज एका डोळ्याने दर्शन घ्या. देवी समजून घेईल."

लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या दोन्ही हातांवर मेंदी होती आणि उजव्या डोळ्यात खुपायला लागलं. बघता बघता डोळा लाल. शशीताईंनी हात धुतले, पुसले, मला वर बघायला सांगितलं आणि अलगद दोन्ही लेन्स काढल्या.

आई म्हणाली, "उद्यासाठी नवीन जोडी आहे ना? तीच घालेल."

"लाल डोळ्यात लेन्स जाणार नाही. रिक्षा बोलवा."

"अहो, फोटो चष्म्यात येतील!"

"फोटोत डोळे तरी हवेत ना?"

मेंदीचे हात वर धरून मी रिक्षात बसले. डॉक्टरांनी तपासलं. लेन्सखाली कण अडकून बुब्बुळावर ओरखडा आलेला. "वेळेवर काढलीत. तशीच ठेवली असती तर जखम चिघळली असती." थेंब दिले आणि डोळा पूर्ण बरा होईपर्यंत लेन्स बंद.

औषधाची वाट बघत बाकावर बसलो तेव्हा मी रडतच होते. चष्म्यातली नवरी! चिडून विचारलं, "ताई, तुम्हाला डोळ्यांचं एवढं का हो?"

त्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "कॉलेजात असताना माझ्या बुब्बुळांचा आकार बिघडला गं. चष्मा कितीही बदला, समोरचं माणूस पुसट, एकावर एक दोन चेहरे. म्हणून तर डेपोत माईकवर बसले. तिथे माणसं दिसावी लागत नाहीत. खूप वर्षांनी एका डॉक्टरांनी खास लेन्स दिल्या. त्या दिवशी झाडाची पानं सुटी सुटी दिसली. पण आई आदल्याच वर्षी गेलेली. तिच्या हाताच्या सुरकुत्या बोटांना माहीत होत्या. म्हातारपणी चेहरा कसा झालेला, ते मी नीट पाहिलंच नाही."

मी माझं रडणं विसरले. मेंदीमुळे त्यांचा हातही धरता येईना, म्हणून खांद्यावर डोकं टेकवलं.

दुसऱ्या दिवशी मी चष्मा लावून बोहल्यावर उभी राहिले, आणि समोरचं सगळं मला स्वच्छ दिसत होतं. जेवणानंतर शशीताई स्टेजवर आल्या. आहेर दिला, पण खाली उतरेनात. माझ्यासमोर उभ्या राहून कपाळापासून हनुवटीपर्यंत बघत राहिल्या.

फोटोग्राफर ओरडला, "मावशी, इकडे कॅमेऱ्याकडे बघा!"

"तू काढ रे तुझा फोटो," त्या न वळता म्हणाल्या. "मला हिला बघू दे."