काड्या करणारा मिस्त्री

एका जंगलात, बाळांनो, फार वर्षांपूर्वी मी एक आवाज ऐकला होता. खट्. बस, एवढाच. लोखंडाचा लहानसा तुकडा दगडावर पडावा, तसा. वाघाची डरकाळी मी विसरलो. तो आवाज विसरलो नाही. तो कशाचा होता ते सांगतो. पण सावकाश सांगतो. मला घाईनं बोलता येत नाही.

हे जंगल होतं पठारावर. नदी खाली, घाटाच्या पायथ्याशी. उन्हाळ्यात वरचं तळं आटायचं. मग धडधाकट जनावरं चालत खाली जाऊन पाणी पिऊन यायची. म्हातारी, लंगडी आणि इवलीशी जनावरं जीपनं जायची.

जीप सगळ्या जंगलाची होती. म्हणजे गवा पाटलांची होती. पुढं पाटील बसायचे. चालवायला कोल्हा कारभारी. मागच्या फळीवर ससे, एक लंगडं भेकर, आणि साळबा मिस्त्रीची आई. साळबा म्हणजे साळिंदर. त्याच्या आईला सगळे थोरली म्हणायचे. थोरलीला दिसत नव्हतं. मांडीवर मडकं धरून ती गप्प बसायची.

एक दिवस बातमी आली. समोरच्या डोंगरावरच्या अस्वलानं आपली जीप चार बोटं उंच करून घेतली. त्या दिवशी पाटलांना गवत गोड लागलं नाही.

"कारभारी, चार बोटं म्हणजे किती हो?"

"पाटील, आपण वीतभर करू. बोटं मोजायची वेळच येणार नाही."

माकडांनी जीप वीतभर उचलली. खाली दांडगी चाकं बसवली. टपावर सहा दिवे लावले. जीप दिवसाच जायची, तरी लावले. मागच्यांना चढायला आता शिडी लागू लागली.

"काय उंच झाली हो आपली गाडी!" ससे म्हणाले, आणि शिडीवरून पडले.

पहिल्याच उतारावर, जांभळीच्या वळणाशी, कोल्ह्यानं ब्रेक दाबला. गाडीनं नाक जमिनीला लावलं. पुढची चाकं जागच्या जागी आवळली गेली आणि फुफाट्यातून घसरत निघाली. कोल्हा स्टिअरिंग फिरवतोय, गाडी सरळच चाललीय. पुढं दरी होती. दरीच्या अलीकडे करवंदीची जाळी होती, म्हणून माझी गोष्ट अजून चालू आहे.

थोरलीचं मडकं मात्र फुटलं.

सभा भरली. "चूक कुणाची?" पाटलांनी विचारलं.

"मागच्यांची," कोल्हा म्हणाला. "ते हलतात."

दुसऱ्या दिवशी ससे श्वास रोखून बसले. गाडी पुन्हा जाळीत गेली. मग माकडांनी पुढं आणखी मोठे ब्रेक बसवले. गाडीनं आणखी जोरात नाक आपटलं. मग लिंबू-मिरची बांधली. त्या खेपेला गाडी जाळीत राहिली, लिंबू तेवढं दरीत गेलं.

साळबा तोवर तीनदा न बोलावता येऊन गेला होता. "पाटील, एकदा बघू तरी द्या. आई बसते माझी." चौथ्यांदा त्याला बघू दिलं. कारण जाळी आता विरळ झाली होती.

साळबानं सपाटीवर गाडी पळवायला लावली आणि ब्रेक दाबायला लावला. मग गाडीकडे त्यानं पाहिलंच नाही. मातीकडे बघत बसला.

"मिस्त्री, गाडी इकडे आहे," कोल्हा म्हणाला. माकडं हसली.

"पुढच्या चाकांनी चर पाडलेत," साळबा म्हणाला. "आणि त्याच चरातून मागची चाकं नक्षी उमटवत आरामात आलीत. मागचा ब्रेक लागतच नाही."

तो गाडीखाली शिरला. पाटलांनाही वाकायला लावलं. पाटील पुष्कळ दिवसांनी वाकले.

"ही काडी बघा. एक टोक मागच्या आसाला, दुसरं वर ब्रेकच्या तेलाच्या तोटीला. मागं ओझं बसलं की गाडी खाली दबते. मग काडी वर सरकते आणि तोटी उघडते. मागच्या ब्रेकला तेल पोचतं. काडी गाडीला एवढंच सांगते, की मागं जीव आहेत, मागची चाकंही धर."

"मग आता सांगत नाही?"

"तुम्ही गाडी वीतभर उचललीत. काडी खालीच लोंबतेय. कितीही जण बसले तरी तिला वाटतं, मागं कुणीच नाही."

साळबानं वीतभर लोखंडी पट्टी घेतली, एका टोकाला भोक पाडलं, ती मागच्या आसावर उभी बसवली, आणि काडीचं खालचं टोक तेवढं वर घेऊन तिला जोडलं. मग आईच्या नव्या मडक्यात काठोकाठ पाणी भरलं आणि तिला मागं बसवलं. स्वतः तिच्या शेजारी बसला.

गाडी घाटात उतरली. जांभळीचं वळण आलं. कोल्ह्यानं डोळे मिटून ब्रेक दाबला. चारही चाकांनी माती धरली. गाडी जिथं थांबायला हवी तिथं थांबली. मडक्यातलं पाणी हललं. सांडलं नाही.

"आज मागची चाकंही थांबली रे," थोरली म्हणाली.

पाटील खाली उतरले. खूश होते. "मिस्त्री, नेमकं काय केलंस?"

"काही नाही, पाटील. काडी जोडली."

कोल्ह्याचे कान उभे राहिले. "काडी लावली म्हणतोय, पाटील! ऐकलंत? पाटील उंच झाले आणि मागचे त्यांना दिसेनासे झाले, असं याचं म्हणणं आहे."

"मी काडीचं सांगतोय, कारभारी."

"काड्या करतो, आणि वर कबूलही करतो!"

ससे हसले. पाटलांच्या कपाळावर शीर उठली. "माझ्या गाडीत काडी लावलेली चालणार नाही. काढा ती पट्टी."

"पाटील, अजून बराच घाट उतरायचाय," साळबा म्हणाला. "आई मागं बसते माझी."

पाटील विरघळले. मनानं ते वाईट नव्हते. "एवढंच ना? तिला आजपासून पुढं बसव. माझ्या शेजारी. मग तर झालं?"

माकडं खाली शिरली. नट फिरला. पट्टी सुटून दगडावर पडली.

खट्.

थोरलीनं त्या आवाजाकडे कान वळवला. मग मडकं काखेत घेतलं, पायांनी शिडीच्या पायऱ्या चाचपल्या आणि एकेक करत खाली उतरली. पाटलांनी स्वतः पुढचं दार उघडून धरलं होतं.

"चला, मागं जागा झाली," ससे म्हणाले आणि ऐसपैस बसले.

साळिंदराच्या पाठीवर कुणी हात ठेवत नाही, बाळांनो. थोरलीनं लेकाच्या पाठीवर हात ठेवला. उघड्या दारावरून ती पुढं गेली, आणि घाट उतरू लागली.

तात्पर्य: मागं कुणी बसलंय, हे गाडीला कधी कळू देऊ नये. कळलं, की ती थांबायला शिकते.